धुराचे निदान वर्गात का शिकवू नये?

ज्वलनाचा धडा आपण रसायनशास्त्रात शिकतो. प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा धडा भौतिकशास्त्रात शिकतो. वाफेचे संघनन तर त्याच्याही आधीच्या इयत्तेत शिकून झालेले असते आणि बहुधा विसरूनही झालेले असते. हे तीन धडे एकाच ठिकाणी, एकाच वेळी, फुकट पाहायला मिळण्याची जागा कोणती, असे विद्यार्थ्यांना विचारले तर प्रयोगशाळेचे नाव पुढे येईल. माझे उत्तर वेगळे आहे. ती जागा म्हणजे जुन्या मोटारगाडीच्या सायलेन्सरची मागची बाजू.

अमरावती-अकोल्याकडे पुष्कळ कुटुंबांत येणारी पहिली मोटार नवी नसते. आठ-दहा वर्षे दुसऱ्याने वापरलेली गाडी कोणाच्या तरी ओळखीने घेतली जाते, आणि त्यात घरची काही वर्षांची शिल्लक जाते. मारुती ८०० हीच गाडी घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज एमएच २७ किंवा एमएच ३० क्रमांकाची जी कोणती मारुती ८०० आपल्याला धावताना दिसते, ती दहा वर्षांहून जुनीच असणार. अशी गाडी घेताना लोक रंग पाहतात, टायर पाहतात, आसनांची कव्हरे पाहतात, टेपरेकॉर्डर वाजवून पाहतात. ज्या इंजिनासाठी पैसे मोजायचे, त्याची प्रकृती सांगणारा धूर मात्र कोणी नीट पाहत नाही. घरात दहावीला विज्ञानात नव्वद गुण मिळवलेला मुलगा किंवा मुलगी असते, पण तिचेही मत कोणी विचारत नाही. आणि विचारले तरी तिला ते देता येईल अशी तयारी आपण शाळेत करून घेत नाही. ही आपल्या विज्ञानशिक्षणातली उणीव आहे आणि ती भरून काढणे अवघड नाही, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

रंग कोठून येतो?

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. सोयीसाठी ते सगळे ऑक्टेन आहे असे धरू. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. पूर्ण ज्वलन झाले तर त्यापासून कार्बन डाय-ऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे ९ रेणू तयार होतात. आता वजनाचा हिशेब करा. ११४ ग्रॅम ऑक्टेन जळले की १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. त्यापासून होणारे पाणी भरते १०५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण एक लिटर पाणी सायलेन्सरवाटे बाहेर पडते! अमरावतीहून अकोल्याला जाताना गाडीने सहा लिटर पेट्रोल घेतले, तर वाटेत तिने सहा लिटर पाणी वाफेच्या रूपात सांडलेले असते. ते आपल्याला दिसत नाही, कारण वाफ अदृश्य असते. दिसतात ते वाफ थंड होऊन बनलेले जलबिंदू.

पूर्ण ज्वलनातून निघणारे हे दोन्ही पदार्थ, कार्बन डाय-ऑक्साइड आणि वाफ, बिनरंगी आहेत. त्यामुळे धुराला रंग दिसला की जळण्यात काहीतरी कमी पडले, किंवा जळू नये असे काहीतरी जळले, किंवा वाफ थिजली, असे समजायचे.

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, अर्थात काजळी. कार्बनचे कण प्रकाश शोषून घेतात म्हणून ते काळे दिसतात. इंधन जास्त आणि हवा कमी पडली की काजळी धरते. कंदिलाची वात फार वर केली की काच काळी होते, तोच हा प्रकार. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत एअर फिल्टर धुळीने भरला, चोक अडकून राहिला किंवा कार्बुरेटरमधून पेट्रोल जादा येऊ लागले की हे प्रमाण बिघडते. डिझेलच्या गाडीत नोझल खराब झाली, पंपाने इंधन जादा सोडले किंवा गाडीवर पेलवेना इतका भार टाकला की हेच घडते.

निळा धूर म्हणजे जळणारे इंजिन ऑइल. आपल्याकडचे मिस्त्री ‘गाडी ऑइल खाऊन राहिली’ म्हणतात ते हेच. ऑइलची वाफ बाहेर येऊन थंड झाली की तिचे अतिशय बारीक थेंब होतात. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असे कण लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश जास्त प्रमाणात इकडेतिकडे विखुरतात. जॉन टिंडल याने १८६९ च्या सुमारास असे बारीक कण नळीत तयार करून हा निळा रंग दाखवला आणि पुढे लॉर्ड रॅले याने १८७१ मध्ये त्याचे गणित मांडले. आकाश निळे का, याचे जे उत्तर आपण पाठ करतो, त्याच कुळातले उत्तर ऑइल खाणाऱ्या गाडीच्या धुरालाही लागू पडते.

पांढरा धूर म्हणजे मोठे थेंब. ते तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असल्यामुळे सगळे रंग सारखेच विखुरतात, आणि सगळे रंग मिळून पांढरा होतो. थेंब पाण्याचे असतील किंवा न जळलेल्या डिझेलचे असतील. डोळ्याला दोन्ही पांढरेच.

करून पाहा : घरी उदबत्ती लावा. तिच्या टोकाकडून वर जाणारा धूर काळ्या कापडासमोर धरून पाहा. तो निळसर दिसेल. नंतर तोच धूर उजळलेल्या खिडकीसमोर पाहा. तो पिवळट-तपकिरी दिसेल. धूर तोच आहे. पहिल्या वेळी आपण विखुरलेला प्रकाश पाहतो आणि दुसऱ्या वेळी निळा भाग गमावून आरपार आलेला. म्हणून गाडीचा धूर पाहताना तिच्यामागे कडुनिंबाची दाट सावली किंवा गडद भिंत असावी, उजळ आकाश नसावे. नाहीतर निळ्या धुराला आपण दुसरेच काही समजून बसू.

रंगापेक्षा वेळ महत्त्वाची

येथपर्यंतची माहिती पुष्कळ पुस्तकांत मिळते. काळा म्हणजे इंधन, निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे पाणी, अशी तीन ओळींची यादी करून ती पाठ करणे सोपे आहे. माझा आक्षेप नेमका या यादीला आहे. नुसत्या रंगावरून निदान करणे म्हणजे अंग गरम लागले म्हणून लगेच हिवतापाची गोळी देणे. चांगला डॉक्टर ताप कधी येतो, थंडी वाजून येतो का, घाम येऊन उतरतो का, हे विचारतो. चांगला मिस्त्रीही ‘धूर कोणत्या रंगाचा?’ याच्या पाठोपाठ ‘कधी मारते?’ हे विचारतोच.

पांढरा धूर पाहा. डिसेंबरमध्ये अमरावतीला पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. इंजिनातून निघालेल्या ओल्या वायूतील वाफ सुमारे ५० अंशांखाली आली की थिजू लागते. थंड सायलेन्सरमध्ये आणि बाहेरच्या गार हवेत ती लगेच थिजते, पांढरा लोट दिसतो, नळीतून पाण्याचे थेंबही गळतात. गाडी पाच-दहा मिनिटे चालली की तो नाहीसा होतो. हा रोग नव्हे. पण अकोल्याला मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना भर दुपारी तापलेल्या इंजिनाची गाडी पांढरा दाट धूर सोडत असेल, तर ‘वाफ आहे, जाईल’ ही सबब चालणार नाही. इतक्या उष्ण आणि कोरड्या हवेत ज्वलनातली नेहमीची वाफ थिजू शकत नाही. पेट्रोलच्या गाडीत अशा वेळी रेडिएटरचे पाणी फुटलेल्या हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये शिरत असण्याचा संशय घ्यावा. म्हणजे रंग एकच, पण तो डिसेंबरात निर्दोष आणि मे महिन्यात दोषी.

पुस्तके सांगतात की कुलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो. ते खरे आहे, पण कुलंट घातलेले असेल तरच! आपल्याकडे कितीतरी जुन्या गाड्यांत नुसते पाणी ओततात. त्यातून अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरलेला. तेथल्या विहिरीचे खारट पाणी रेडिएटरमध्ये गेले की आत क्षार बसतात, धातू गंजतो, पाण्याच्या वाटा अरुंद होतात, इंजिन तापते आणि तापलेल्या इंजिनाचे गॅस्केट जाते. अशा गाडीच्या धुराला गोड वास येणारच नाही. वास नाही म्हणून रोग नाही असे म्हणणारा येथे हमखास फसेल. त्याने रेडिएटरची पातळी वारंवार उतरते का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी दिसते का, हे इतर पुरावे शोधले पाहिजेत.

डिझेल गाडीचे आणखी वेगळे. तिच्यात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेतच इंधन पेट घेते. थंडीत सकाळी ती हवा पुरेशी तापत नाही आणि काही डिझेल न जळता बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. तो पांढुरका धूर डोळ्यांना झोंबतो. इंजिन गरम झाल्यावर तो थांबला तर ठीक. थांबला नाही तर नोझल, इंधन सोडण्याची वेळ किंवा सिलिंडरमधला दाब यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

आता निळा धूर. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्याबरोबर निळा झोत येतो आणि मिनिटभरात नाहीसा होतो, तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीले बहुधा कडक झाली आहेत. रात्री त्यांच्यावाटे ऑइल थेंबथेंब खाली झिरपले आणि सकाळी जळले. हे काम त्या मानाने स्वस्तात होते. पण गरम इंजिनावरही, ॲक्सिलरेटर दाबला की दरवेळी निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती झिजल्याचा संशय बळकट होतो. त्यासाठी इंजिन खोलावे लागते आणि तो खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. दोन्ही धूर निळेच. फरक फक्त वेळेचा. हा फरक ओळखणाऱ्याचे हजारो रुपये वाचतात.

यातला सर्वांत सुंदर प्रयोग आपल्याला चिखलदऱ्याचा घाट करून दाखवतो. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. वर हवेचा दाब अमरावतीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी भरतो. जुन्या पंपाची डिझेल जीप भरगच्च भरून घाट चढू लागली की इंधन तेवढेच, हवा विरळ आणि भार मात्र जास्त. ती काळा धूर सोडते, आणि तीच जीप सपाटीवर जवळजवळ स्वच्छ धावते. उतरताना दुसरा प्रयोग होतो. पेट्रोलच्या गाडीचा चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. हवेची वाट जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र फिरत्या चाकांमुळे हवा ओढतच राहतात. त्यामुळे आत मोठी निर्वात स्थिती निर्माण होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल ओढले जाते. परतवाड्याच्या बाजूला घाट संपला, चालकाने पुन्हा पाय दाबला की निळा ढग उठतो. पंपाचे पाणी आणि शाईच्या पेनात चढणारी शाई ज्या तत्त्वाने वर येते, त्याच तत्त्वाने येथे ऑइल चुकीच्या जागी जाते.

एक अपवादही सांगितला पाहिजे. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर किंवा लुना निळा धूर सोडते, तेव्हा तिला रोग झालेला असतोच असे नाही. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मुद्दामच मिसळलेले असते. लक्षणाचा अर्थ यंत्राची रचना पाहूनच लावायचा असतो.

प्रमाणपत्र आहे ना!

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र आहे ना! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ते जवळ बाळगावेच लागते, आणि ते योग्यच आहे. पण त्या चाचणीत काय मोजतात? पेट्रोलच्या गाडीत इंजिन नुसते सुरू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. धूर मोजत नाहीत. आणि गाडीवर भारही नसतो. सकाळच्या पहिल्या मिनिटाचा किंवा घाट उतरल्यानंतरचा निळा झोत तेथे कसा सापडणार?

डिझेलच्या चाचणीत मात्र धुरातून प्रकाश पाठवून किती अडला ते मोजतात. भारत स्टेज ४ च्या आधीच्या गाड्यांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आणि स्टेज ४ च्या गाड्यांसाठी ५०. याचा अर्थ, धुराने भरलेल्या सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून जाताना शंभरपैकी ६५ किंवा ५० भाग प्रकाश अडला तरी गाडी उत्तीर्ण! नळी दुप्पट लांब केली तर ६५ एककांच्या धुरातून किती प्रकाश पार होईल? पहिल्या भागातून ३५ टक्के, त्याच्या पुन्हा ३५ टक्के, म्हणजे सुमारे १२ टक्के. दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज जमेल, आणि धुराचा लोट आडवा पाहण्यापेक्षा लांबीच्या दिशेने पाहिल्यास अधिक काळा का दिसतो, तेही उमगेल.

सांगायचे असे की, गाडी कायद्याच्या मर्यादेत आहे का, या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्र देते. इंजिन निरोगी आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे ही तर्कातली चूक आहे, आणि ही चूक मोटारीपुरतीच मर्यादित राहत नाही.

याच्या उलट चूकही टाळली पाहिजे. धूर दिसत नाही म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू बिनरंगी आणि बिनवासाचा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. तिच्यामागे आजार काही काळ लपून राहू शकतो. विकणाराही कधी कधी दाट ऑइल ओतून निळा धूर काही दिवस दाबतो, किंवा गिऱ्हाईक येण्याआधी गाडी फिरवून गरम करून ठेवतो. यावर साधा उपाय आहे. गाडी पाहायला गेल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवा. ते ऊन नसताना कोमट लागले, तर इंजिन आधीच चालवलेले आहे. ‘उद्या सकाळी येतो, तोवर सुरू करू नका,’ असे नम्रपणे सांगून निघावे.

शाळेने काय करावे?

यावर शिक्षक बंधु-भगिनी दोन आक्षेप घेतील. पहिला, मुलांना काय मेकॅनिक करायचे आहे? माझे उत्तर असे की, निदान ही केवळ गॅरेजची विद्या नाही. लक्षण पाहणे, त्याची दोन-तीन संभाव्य कारणे मांडणे, त्यांच्यात फरक करणारी कसोटी शोधणे आणि जे टिकत नाही ते सोडून देणे, यालाच वैज्ञानिक पद्धत म्हणतात. प्रयोगवहीत आधीच ठाऊक असलेले उत्तर उतरवून ही पद्धत येत नाही. शिवाय गॅरेजमध्ये काळ्या हातांनी काम करणारा मिस्त्री रोज ही पद्धत वापरतो. त्याला शाळेत पाहुणा म्हणून बोलावले, तर विज्ञान हे फक्त पांढऱ्या कोटातल्या माणसाचे असते, हा मुलांचा गैरसमजही दूर होईल.

दुसरा आक्षेप, आता विजेच्या गाड्या आल्या, संगणकाला जोडून दोष सांगणारी उपकरणे आली. मग धूर कशाला शिकायचा? विजेच्या गाड्या वाढोत, त्यात आनंदच आहे. पण आज रस्त्यावर असलेली जुनी गाडी उद्या नाहीशी होत नाही. ती शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून खेड्याला जाते. संगणक दोषाचा आकडा सांगतो; कारण माणसालाच शोधावे लागते. आणि त्या धुरात श्वास घेणारे लोकही आपलेच आहेत. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केला आहे. बसथांब्यावर उभ्या असलेल्या लहान मुलाचे नाक सायलेन्सरच्या जवळजवळ उंचीवर असते, हे विसरू नये.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. नववी-दहावीच्या वर्गाने वर्षातून एक सकाळ यासाठी द्यावी. शाळेच्या मैदानात ओळखीची एक जुनी गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी मोठ्या माणसाने ती सुरू करावी. विद्यार्थ्यांनी वारा पाठीवर घेऊन, चार-पाच मीटर दूर उभे राहून पाहावे आणि चार रकाने भरावेत : वेळ, इंजिन थंड की गरम, धुराचा रंग, किती वेळ टिकला. त्यानंतर प्रत्येकाने आपले निदान कारणांसह लिहावे आणि शेवटी मिस्त्रीचे मत ऐकावे. दोन नियम मात्र कडक पाळावेत. बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये इंजिन सुरू करायचे नाही. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. त्या झाकणाने आत जादा दाब राखलेला असतो, पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळलेले नसते, आणि झाकण काढताच ते उसळून अंगावर येते.

या एका सकाळीला खर्च जवळजवळ नाही. तिच्यातून सगळे विद्यार्थी निदानात पटाईत होतील असेही नाही. पण पुढे कधी घरात जुनी गाडी घेण्याची गोष्ट निघाली, तर त्यांच्यापैकी एखादी मुलगी वडिलांना म्हणेल, “बाबा, गाडी सकाळी, थंड असताना पाहू या. आणि तिच्यामागे झाडाची सावली असू द्या.” ज्या दिवशी ती हे म्हणेल, त्या दिवशी ज्वलन, प्रकीर्णन आणि संघनन हे तिन्ही धडे तिला खरोखर आले, असे समजायला हरकत नाही.